भिंतीतलं गवत

“मावशी, इथे बायकांची मुतारी कुठे होती हो?”

प्रश्न सुटला तेव्हाच ज्ञानेश्वरीला कळलं की तो आपण बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलाय. थिएटरच्या बाजूच्या दारात पाटावर बसून सोडे निवडणाऱ्या म्हातारीने मान वर केली. मागे उसाच्या रसाच्या गाड्याआड जागृती आणि स्वरा एकमेकींची दप्तरं धरून अशा वाकल्या होत्या, की दोघींच्या पोटात एकदमच कळ आली असावी. पैज लागली होती ती पाच मिनिटांपूर्वी. तिघी बोईसरहून आल्या होत्या गॅदरिंगच्या नाचाला जरीची किनार घ्यायला. शनिवारची शाळा लवकर सुटलेली, पालघरच्या बाजारात ऊन टकटकीत. बाजार संपता संपता आनंदविलास नाट्यगृहाचं फाटक आलं, फाटकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तारेने बांधलेली नोटीस दिसली, आणि ज्ञानेश्वरी भर रस्त्यात अशी थबकली की मागच्या स्कूटरवाल्याने तिच्या खानदानाचा उद्धार केला. नोटिशीत तिचं वाक्य होतं. छापील. ‘भिंती आतून संपूर्ण पोकळ झाल्या असून सदर इमारत कोणत्याही क्षणी कोसळू शकते.’ खाली लिहिलं होतं की श्री. रामनाथ वाकचौरे यांच्या पाहणी अहवालानुसार नाट्यगृहाच्या ट्रस्टने इमारत पाडायचं ठरवलंय, कोणाची हरकत असेल तर सोमवारपर्यंत लेखी द्यावी. “हे मी लिहिलंय!” ती ओरडलीच. “पप्पांचा रिपोर्ट मीच टाइप केला होता. हे वाक्य अख्खं माझं आहे!” स्वराने टाळ्या वाजवल्या. जागृती समुद्रकाठच्या घिवली गावची, तिला टाळ्या इतक्या सहज येत नसत. ती म्हणाली, “ए गो, तू आत तरी गेलीस का कवा?” नव्हती गेली. मग आत जायची पैज, मग आत जायचं तर काहीतरी विचारत जायची पैज, आणि काय विचारायचं ते त्या दोघींनी कानाला कान लावून ठरवलं.

म्हातारी हसली. खालचे दोनच दात, पण हसू सबंध तोंडभर. “मुतारी? नव्हतीच. बांदनाऱ्याला कुनी सांगितलंच नाय, का बायांनाबी लागतं म्हनून.” सूप बाजूला सारून ती गुडघ्यावर हात ठेवत उठली. “राहीबाई मी. चाळीस वरसं झाडते ह्ये. तू पैली हायेस ह्यो इचारनारी. ये आत, बग. त्या दोघी हसत्यात त्यांनाबी बोलव.” पण त्या दोघी रसाचे ग्लास हातात घेऊन तिथूनच माना हलवत होत्या, नाय नाय, तूच जा. मग ज्ञानेश्वरी एकटीच गेली. आता मागे कशी फिरणार होती ती? गेल्या डिसेंबरपासून मागे फिरणं तिने सोडूनच दिलं होतं. नववीपर्यंत ही मुलगी वर्गात आहे का नाही, हे बाईंना हजेरी घेतानाच कळायचं. मग गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये निवेदन करणाऱ्या मुलीला ऐनवेळी गालगुंड झालं, बाईंनी जी हाताला लागली तिला पुढे ढकललं, आणि माइकसमोर उभं राहिल्यावर ज्ञानेश्वरीच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून सगळ्यात जास्त दचकली ती स्वतःच. तेव्हापासून ती बोलतेच आहे. रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी, मुख्याध्यापकांशी. आई म्हणते, आधी हिला बोल गं बाई म्हणावं लागायचं, आता गप बस म्हणावं लागतं, मधलं काही देवाने दिलंच नाही हिला. पण ज्ञानेश्वरीला मधलं नकोच होतं. बोललं की समोरचा वळून बघतो, आणि वळून बघितलं की आपण आहोत याची खात्री पटते, हा शोध तिला इतका ताजा होता की तो दर तासाला करून बघावासा वाटे.

दारातून आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा गेला तो बाजार. गेला म्हणजे नाहीसाच झाला. हॉर्न, भाजीवाल्यांची ओरड, मशिनवर घुंगरांची खुळखुळ करत निघणारा रस, कोणीतरी कात्रीने कापून टाकावं तसं. तिला कानात दडे बसल्यासारखं वाटलं. ती मुद्दाम खाकरली. खाकरणं तिच्यापुरतंच उरलं, कुठे आपटून परत आलं नाही. शाळेच्या हॉलमध्ये तर शिंकलं तरी तीनदा शिंकल्यासारखं ऐकू येतं. डोळे अंधाराला सरावले तशी एकेक गोष्ट पुढे यायला लागली: स्टेजच्या दिशेने उतरत गेलेली जमीन, खुर्च्या काढून नेल्यावर राहिलेले खिळ्यांचे चौकोन, दोन्ही बाजूंना सागवानी खांब, हाताने फिरून फिरून कमरेच्या उंचीला काळे गुळगुळीत झालेले. वर छपराला पेलणाऱ्या लाकडी कैच्या, कैच्यांच्या खाली फळ्यांचं छत, दोनचार फळ्या सुटून लोंबणाऱ्या. मागच्या बाजूला बायकांची गॅलरी, तिला लाकडी जाळी. गॅलरीचा जिना गल्लीतून वेगळा होता, राहीबाई म्हणाली, म्हणजे बाई नाटकाला आली काय अन् गेली काय, बाजारातल्या कुणाला पत्ता लागायचा नाही. जाळीतून खाली बघत बसायच्या, शेंगांची टरफलं पदरात धरून. ज्ञानेश्वरीला वाटलं, आपण नववीपर्यंत तिथेच बसलो होतो. मग वाटलं, हे वाक्य छान आहे, कुठेतरी वापरता येईल. आणि लगेच, का कोण जाणे, त्या वाटण्याचा तिला राग आला.

“टेजवर जा,” राहीबाई म्हणाली. “मी हितं मागं ऱ्हाते. जा, अन् पानी माग.” कुणाकडे? “माज्याकडं. वरडायचं नाय. घरात आयशीला सांगतीस तसं सांगायचं, तान लागलीय म्हनून.” या थिएटरची रीतच होती तशी. कोणतीही कंपनी येवो, नवा नट असला की पहिली घंटा व्हायच्या आधी त्याने एकट्याने स्टेजवर उभं राहून साध्या आवाजात पाणी मागायचं. शेवटच्या रांगेत राहीबाईची सासू लोटी घेऊन बसलेली असे. तिला ऐकू आलं तर ती उठून पाणी नेऊन देई. नाही आलं तर बसून राही, मग तो मोठा नट का असेना. तहानलेला उभा राही आणि सगळी कंपनी विंगेत तोंडाला पंचे लावून हसे. ओरडून मागितलं तर सासू मुद्दाम उठत नसे, म्हणायची, वरडतो त्याला तान नसते. ज्ञानेश्वरी लाकडी पायऱ्या चढली. फळ्या पायाखाली किंचित दबत होत्या आणि परत वर येत होत्या. समोर एवढी मोठी रिकामी जागा, तिच्या टोकाला चिंचोक्याएवढी म्हातारी. माइक नाही. तिला एकदम बाथरूमला गेल्यासारखं, दार उघडंच राहिल्यासारखं वाटलं. निवेदनाचा आवाज ओठांपर्यंत आला होता, तो तिने गिळला, आणि जो उरला तो कित्येक महिन्यांत वापरलाच नव्हता, नववीतला, खालच्या पट्टीतला. “मला तहान लागलीय,” ती म्हणाली. राहीबाई उठली होती. खरंच उठली होती, आणि स्टीलचा पेला घेऊन त्या उतारावरून एकेक पाय सांभाळत येत होती.

पाणी पिता पिताच तिने विचारलं, की इतक्या लांबून ऐकू येतं कसं. हा प्रश्न मात्र पैजेतला नव्हता. राहीबाईने भिंतीवर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. ही जागा मुळात बन्सीशेठची गवताची वखार. डोंगराकडून गाड्या भरभरून गवत यायचं, इथे दाबून त्याचे गठ्ठे बांधायचे आणि रेल्वेने मुंबईला पाठवायचे, तिथल्या घोड्यांना. मग मुंबईत मोटारी वाढल्या, घोडे कमी झाले, आणि शेठच्या वखारीत छतापर्यंत गठ्ठे पडून राहिले. शेठचा धाकटा भाऊ नाटकवेडा. त्याने थिएटर काढलं, आणि भिंती बांधताना आतबाहेर विटा आणि मधल्या पोकळीत ते न खपलेले गठ्ठे, चुन्याचा हात देऊन, कडुनिंबाचा पाला घालून बसवले. छताच्या फळ्यांवरही तेच. “माजा आजा गठ्ठे बांदायला होता. त्याच्या हातचे हायेत ह्ये सगले. गवत आवाज खातं, पन समदा नाय खात. वंगाळ तेवडा खातं.” ज्ञानेश्वरीच्या हातातला पेला तिरका झाला आणि पाणी तिच्या युनिफॉर्मवर सांडलं. “म्हणजे ठोकलं तर…” “भद्द वाजतं. वाजनारच. उशीवर टिचकी मारलीस तर काय ट्यँव वाजंल?”

मग राहीबाई तिला डाव्या विंगेत घेऊन गेली, कारण मुतारीचा प्रश्न अजून सुटायचा होता. स्त्रीपार्टी नटांच्या काळात बायकांच्या आडोशाची कोणाला आठवणच झाली नाही. मग एका वर्षी घाटावरून एक कंपनी आली, तिच्यात रंभाबाई नावाची खरीखुरी बाई होती. तिने रंगपटाची खोली बघितली, चाळीस पुरुष बघितले आणि विंगेत ट्रंकेवर फतकल मारून बसली. म्हणाली, आधी मला आडोसा द्या, मग मी तुम्हाला नाटक देते. प्रेक्षक येऊन बसलेले. तेव्हा सुतार बोलावून तिथल्या तिथे आतली भिंत फोडली, गवत उपसलं, आणि भिंतीच्या जाडीतच बाईमाणूस मावेल एवढी कोनाड्यासारखी खोली केली, गल्लीच्या बाजूने पत्रा लावून. दोन तास नाटक खोळंबलं, पण पडदा वर गेला. ती फोडलेली कड पुन्हा कोणी लिंपलीच नाही. ज्ञानेश्वरीने मोबाइलचा टॉर्च लावला. केक कापल्यावर थर दिसावेत तशी भिंत दिसत होती: वीट, चुना, गवत, चुना, वीट. गवत पिवळंधम्मक. आणि त्या थरांच्या शेजारी जाडजूड सागवानी खांब, पायापासून थेट वर कैचीपर्यंत गेलेला. सगळं वजन त्या खांबावर. भिंत नुसतीच उभी होती, ऐकायला. तिने बोट घातलं, एक काडी ओढली. वास आला, उन्हाचा, एवढ्या वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी नोव्हेंबरातल्या उन्हाचा, आणि पाठोपाठ शिंक.

“तू कुनाची गो?” राहीबाईने सहज विचारलं. उत्तर सरळ होतं. वाकचौऱ्यांची. तुमच्या फाटकावर ज्यांचं नाव लटकतंय त्यांची. पप्पा पाहणीला आले त्या रविवारी राहीबाई भाचीच्या लग्नाला शिरगावला गेली होती, दार उघडायला ट्रस्टचा माणूस आला होता, त्याला भिंतीतलं ठाऊक असायचं कारण नव्हतं. हे सगळं तिने आत्ताच सांगितलं होतं, कुणावरही न चिडता, पडलेला पाऊस सांगावा तसं. “बोईसरची,” ज्ञानेश्वरी म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिने कमी शब्दांत काही उरकलं.

परतीच्या रिक्षात सहाजणं कोंबलेली, ड्रायव्हरच्या शेजारी कुणीतरी हिंदीत मोबाइलवर शिफ्ट बदलून मागत होतं. जागृती म्हणाली, “जिंकलीस गो तू, रस माज्याकडून,” तर तिने नुसतीच मान हलवली. किनार घ्यायची राहिलीच होती. तिचं डोकं कारखान्याच्या पट्ट्यासारखं गरगर चाललं होतं. पप्पांनी हाताने लिहिलेला कागद तिला जसाच्या तसा आठवत होता. फॅक्टरीत मेंटेनन्सची नोकरी, त्यात रविवारची अशी पाहणीची कामं. टायपिंगला बोटं चालत नाहीत म्हणून कागद तिच्याकडे. ‘सोळा ठिकाणी हातोडीने ठोकून पाहिले. आवाज भद्द येतो. आत पोकळी असावी. एका ठिकाणी भिंत उघडून खात्री करावी, असे वाटते.’ असं होतं ते. आणि तिने, ज्ञानेश्वरीने, निवेदिकेने, नाक मुरडलं होतं. असावी काय, वाटते काय! पप्पा, तुम्ही असं घाबरत लिहिता म्हणून तुम्हाला कोणी मोजत नाही, म्हणाली होती. खात्रीची ओळ तिने उडवली आणि तिच्या जागी ते वाक्य बसवलं. संपूर्ण पोकळ. कोणत्याही क्षणी. टाइप करताना तिला गुदगुल्या झाल्या होत्या. न बघितलेल्या भिंती तिने एका दमात पोकळ करून टाकल्या. पप्पांनी वाचलं, चष्मा वर सरकवला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “जरा जास्त नाही ना होत गं?” ती म्हणाली, “पप्पा, असंच लिहितात.” आणि पप्पांनी सही केली.

त्यांनी सही का केली असेल, हे तिला आत्ता, अर्ध्या वाटेवर उमरोळीच्या आसपास, दुसऱ्याच्या कोपराखाली दबून बसलेली असताना कळायला लागलं होतं, आणि कळायला नको होतं. ती पाचवीत असताना पप्पांच्या फॅक्टरीत शेडचा सज्जा पडला. खाली पप्पांचा मित्र होता, अकोल्याहून त्यांच्यासोबतच आलेला. त्याच्या आदल्या आठवड्यात पप्पांनी त्या सज्ज्यावर लिहून दिलं होतं, ‘तडा किरकोळ वाटतो.’ तेव्हापासून घरात बारीकसा भूकंपाचा हादरा बसला तरी सगळ्यात आधी पप्पाच जिना उतरतात, आणि खाली उभं राहून चार मजल्यांची बिल्डिंग बोटांनी मोजल्यासारखी बघत राहतात. धोका लिहिला तर कोणी मरत नाही, असं ते म्हणतात. मग तिचं वाक्य त्यांना जास्त वाटलं तरी मोडवलं नसणार. आणि ते बरोबर असेल तर? राहीबाई काही इंजिनिअर नव्हती. एका कोपऱ्यातलं गवत पिवळं म्हणून सगळीकडचं पिवळंच असेल कशावरून? दुसऱ्या बाजूला वाळवीने सगळं पोखरलं असेल, उद्या कुणाचं लग्न लागताना वरची फळी एखाद्याच्या डोक्यात आली, तर ते कोणाच्या नावावर? तिला बसवेना. तिने उजवा पाय डाव्यावर टाकला, डावा उजव्यावर. शेजारची बाई म्हणाली, “पोरी, मुंग्या आल्यात का तुला?” थिएटर पडलं काय नि राहिलं काय, तिचं काय जाणार होतं? ती काही तिथली नव्हती. पण ते तिच्या वाक्याने पडणार होतं. आणि खात्री नसेल तर भिंत उघडून बघायची, एवढं साधं, एवढं शहाणं वाक्य पप्पांनी लिहिलं होतं, ते तिने पुसलं होतं, कारण ते ऐकायला चांगलं वाटत नव्हतं.

नवापूर रोडवरच्या घराचा जिना तिने तीनदा चढला. दोनदा दुसऱ्या मजल्यावरून परत खाली आली. एमआयडीसीकडून नेहमीचा कुजका, गंधकासारखा वास येत होता. दारात चपला होत्या म्हणजे पहिली पाळी संपवून पप्पा आले होते. आत आई खारी मांडत होती आणि पप्पा मोबाइल तिच्या नाकासमोर धरून सांगत होते, “हे बघ, ‘श्री. रामनाथ वाकचौरे’. श्री. सकट. पालघरच्या भर बाजारात लागलंय! ट्रस्टचे मोरेसाहेब म्हणाले, वाकचौरे, भाषा काय आहे तुमची, आम्ही ग्रॅज्युएट असून आम्हाला जमत नाही.” ज्ञानेश्वरीला बघून त्यांचा चेहरा आणखी फुलला. “आल्या, आल्या आमच्या लेखिकाबाई! त्यांना आणखी दोन इमारतींचे रिपोर्ट हवेत. या खेपेला तूच लिही सगळं.” आई म्हणाली, “आधी हात धू. आणि ड्रेसवर पाणी कशाचं?”

हात धुवायला ती गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. इतकी वर्षं वाकून चालणाऱ्या या माणसाच्या खांद्यात आज काहीतरी सरळ झालं होतं, आणि ते तिनेच सरळ केलं होतं, त्याच एका वाक्याने. नाही सांगितलं तर? सोमवार जाईल. मंगळवारपासून कोणी विचारणारही नाही. राहीबाईला ती पुन्हा भेटणार नव्हती. पोरीचं नावही तिला माहीत नव्हतं. हा विचार फारच सोयीचा होता. तिने तोंडावर पाणी मारलं, बाहेर आली, खुर्ची ओढली, पण बसली नाही. आतून निवेदनाचा आवाज वर येऊ बघत होता, गोड, ठाशीव, सगळं निभावून नेणारा. तिने तो येऊ दिला नाही.

“पप्पा, मी आज आनंदविलासमध्ये आत जाऊन आले. भिंतीत गवत आहे. बांधतानाच भरलंय. वजन खांबांवर आहे. म्हणून भद्द वाजतं.”

पप्पांच्या हातातली खारी बशीवरच थांबली. “गवत?” ते म्हणाले. मग डोळे बारीक करून, फॅक्टरीतल्या माणसासारखं, “किती जाड?” आणि त्यानंतर, चेहऱ्यावरचं सगळं खाली उतरत जाताना, “कोणी सांगितलं तुला? आणि लोकांना काय सांगणार आता मी? की लेकीने लिहिलं नि मी सही ठोकली?” आई एकदम मध्ये पडली, “अगं, मोठ्यांच्या कामात तू कशाला… झालं ते झालं. जुनीच तर इमारत. पडली तर पडली.” पप्पा आईकडे बघत नव्हते, मोबाइलकडेही नाही. “आणि आत वाळवी असली तर?” ते हळूच म्हणाले. “एखाद्याच्या अंगावर आली म्हणजे?”

“असू शकते,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मला नाही माहीत. तुम्हालाही नाही माहीत, पप्पा, आणि तुम्ही तसंच लिहिलं होतं. मीच खोडलं.” तिचा आवाज मोठा नव्हता, स्वयंपाकघरातल्या घड्याळाएवढाच होता. “सोमवारी मी शाळेत जाणार नाही. पालघरला जाणार आहे, हरकत द्यायला. चार ठिकाणी भिंत उघडून बघा आणि मग काय ते ठरवा, एवढंच लिहिणार. आणि ते वाक्य मी लिहिलं होतं, इमारत न बघता, हेही लिहिणार. खाली सही माझी, पूर्ण नावाची. ज्ञानेश्वरी रामनाथ वाकचौरे. मधलं नाव तर काढता येत नाही, पप्पा. तुम्ही बरोबर आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार आहे.”